रेल्वेच्या विभागसीमा आणि बंद झालेले लोहमार्ग : ब्रिटनचा बोधप्रद अनुभव

आगगाडीची जन्मभूमी म्हणून ब्रिटन सर्वपरिचित आहे. १८२५ मध्ये स्टॉकटन-डार्लिंग्टन आणि १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर हे मार्ग सुरू झाले आणि पुढील शंभर वर्षांत त्या छोट्याशा बेटावर लोहमार्गांचे दाट जाळे विणले गेले. त्याच देशाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपले जवळजवळ निम्मे लोहमार्ग बंद केले. १९४८ मध्ये सुमारे २० हजार मैल असलेली मार्गांची लांबी १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ११ हजार मैलांच्या आसपास आली. हजारो स्थानकांना कुलुपे लागली.

या घटनेची कारणे सांगताना मोटारींची वाढ आणि रेल्वेची तूट यांचा उल्लेख नेहमी होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याखेरीज आणखी एक कारण होते व त्याकडे सामान्यतः कमी लक्ष जाते. ते म्हणजे रेल्वेच्या अंतर्गत विभागांच्या सीमांमध्ये वेळोवेळी झालेले फेरबदल. एखादा मार्ग कोणाच्या अखत्यारीत आहे, त्याचे उत्पन्न कोणाच्या वहीत जमा होते आणि त्याच्या बाजूने बोलणारा अधिकारी कोण, या प्रश्नांच्या उत्तरांवर अनेक मार्गांचे भवितव्य ठरले. कार्यालयांची कार्यक्षेत्रे आखणे, शाळा-दवाखान्यांची गरज ठरविणे किंवा एखादी सेवा चालू ठेवावी की नाही याचा निर्णय घेणे ज्यांच्याकडे असते, त्यांना हा इतिहास उपयुक्त वाटेल.

चार कंपन्या व सहा विभाग

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये शंभराहून अधिक रेल्वे कंपन्या होत्या. १९२१ च्या कायद्यान्वये त्यांचे एकत्रीकरण होऊन १ जानेवारी १९२३ पासून चार मोठ्या कंपन्या अस्तित्वात आल्या : ग्रेट वेस्टर्न, सदर्न, लंडन मिडलँड अँड स्कॉटिश आणि लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न. दुसऱ्या महायुद्धात या कंपन्यांवर कामाचा प्रचंड ताण पडला. रूळ, डबे व इंजिने जीर्ण झाली. पुढे १९४७ च्या वाहतूक कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले आणि १ जानेवारी १९४८ रोजी 'ब्रिटिश रेल्वेज' या नावाने एकच संघटना उभी राहिली.

एवढा मोठा कारभार एकाच कार्यालयातून चालविणे शक्य नव्हते. म्हणून वेस्टर्न, सदर्न, लंडन मिडलँड, ईस्टर्न, नॉर्थ ईस्टर्न आणि स्कॉटिश असे सहा 'रीजन' करण्यात आले. या लेखात त्यासाठी 'विभाग' हा शब्द वापरला आहे; आपल्या मध्य रेल्वेसारखी किंवा पश्चिम रेल्वेसारखी त्याची व्याप्ती समजावी. आपल्याकडेही १९५१ मध्ये जुन्या कंपन्यांचे व संस्थानी रेल्वेंचे एकत्रीकरण होऊन हे विभाग बनले. विभागांच्या सीमा बदलण्याचा प्रकारही आपणांस नवा नाही. सोलापूरचा रेल्वे कारभार १९६६ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला व १९७७ मध्ये पुन्हा मध्य रेल्वेकडे आला.

सीमा बदलण्याची निकड

ब्रिटनमधील सहा विभागांनी प्रारंभी जुन्या कंपन्यांचे मार्ग बव्हंशी जसेच्या तसे स्वीकारले. त्या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक होत्या. त्यामुळे एकाच शहरात दोन कंपन्यांची दोन स्थानके आणि एकाच दोन शहरांमध्ये दोन स्वतंत्र मार्ग, असे चित्र ठिकठिकाणी होते. एक्सेटर येथील सेंट डेव्हिड्स स्थानकाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथून प्लिमथला जाणाऱ्या ग्रेट वेस्टर्नच्या व सदर्नच्या गाड्या परस्परविरुद्ध दिशांना सुटत आणि वेगवेगळ्या मार्गांनी त्याच शहरी पोहोचत.

हा घोळ कमी करावा, एका भूप्रदेशातील सर्व मार्ग एकाच विभागाकडे असावेत, हा विचार तर्कशुद्ध होता. त्यानुसार १९५० मध्ये सीमांची पहिली मोठी फेरआखणी झाली. एका विभागाचे जे मार्ग दुसऱ्याच्या प्रदेशात घुसले होते, ते भौगोलिकदृष्ट्या जवळच्या विभागाकडे देण्यात आले. काही ठिकाणी मात्र स्थानके व व्यापारी कामकाज एका विभागाकडे आणि गाड्या चालविण्याचे काम दुसऱ्याकडे, अशी दुहेरी व्यवस्था राहिली. पुढे १९५८ व १९६३ मध्ये आणखी मोठे फेरबदल झाले. १९६७ मध्ये नॉर्थ ईस्टर्न विभाग ईस्टर्नमध्ये विलीन झाला.

या फेरबदलांचे लाभ नाकारता येणार नाहीत. कार्यालयांची द्विरुक्ती टळली आणि जबाबदारी निश्चित झाली. परंतु एक परिणाम आखणी करणाऱ्यांच्या हिशेबात पुरेसा आला नव्हता. जो विभाग नवा मार्ग ताब्यात घेई, त्याच्याकडे त्याच शहरांना जोडणारा स्वतःचा जुना मार्ग बहुधा आधीपासूनच असे. काल जो मार्ग एका विभागाची प्रमुख वाहिनी होता, तो आज दुसऱ्या विभागाच्या दृष्टीने 'जादा' ठरू लागला.

तीन मार्गांची कथा

पहिले उदाहरण ग्रेट सेंट्रल मार्गाचे. सर एडवर्ड वॉटकिन यांच्या पुढाकाराने बांधलेला हा मार्ग १८९९ मध्ये लंडनच्या मॅरिलिबोन स्थानकापर्यंत प्रवाशांसाठी खुला झाला. लंडनहून लेस्टर, नॉटिंगहॅम व शेफील्ड या औद्योगिक शहरांकडे तो जात असे. राष्ट्रीयीकरणानंतर तो ईस्टर्न विभागात होता. १९५८ मध्ये त्याचा मोठा भाग लंडन मिडलँड विभागाकडे गेला. या विभागाकडे यूस्टन व सेंट पँक्रस येथून निघणारे दोन मोठे मार्ग आधीच होते. १९६० च्या जानेवारीत ग्रेट सेंट्रलवरील लांब पल्ल्याच्या जलद गाड्या बंद झाल्या. मागे राहिल्या त्या मोजक्या निमजलद व स्थानिक गाड्या. सप्टेंबर १९६६ मध्ये लंडनकडे जाणारा सलग मार्ग संपुष्टात आला आणि रग्बी-नॉटिंगहॅम हा उरलेला तुकडाही १९६९ च्या मे महिन्यात बंद झाला.

दुसरे उदाहरण सॉमरसेट अँड डॉर्सेट मार्गाचे. बाथ ते बोर्नमथ असा सुमारे ७१ मैलांचा हा मार्ग मेंडिप टेकड्या ओलांडून दक्षिण किनाऱ्याकडे जाई. उन्हाळ्यातील शनिवारी उत्तरेकडील औद्योगिक शहरांतून समुद्रकिनारी जाणाऱ्या गाड्यांची येथे रीघ लागत असे. पूर्वी तो दोन कंपन्यांच्या संयुक्त मालकीचा होता. राष्ट्रीयीकरणानंतर त्याचा कारभार विभागला गेला. १९५८ मध्ये त्याचा उत्तरेकडील भाग वेस्टर्न विभागाकडे आला. १९६० पासून 'नाइन एफ' वर्गाची बलवान वाफेची इंजिने येथे चालू लागली व चढावर दुसरे इंजिन न जोडता जड गाड्या ओढता येऊ लागल्या. खर्च कमी करण्याचा उपाय हाती लागला होता. परंतु सप्टेंबर १९६२ मध्ये सुप्रसिद्ध 'पाइन्स एक्सप्रेस'सह लांब पल्ल्याच्या गाड्या अन्य मार्गांनी वळविण्यात आल्या. मागे उरली ती खेडोपाडी थांबणारी तुरळक वाहतूक. ७ मार्च १९६६ पासून मार्ग बंद झाला. वास्तविक तो जानेवारीतच बंद व्हायचा होता. परंतु पर्यायी बससेवा चालविणाऱ्यांपैकी एकाने माघार घेतल्याने दोन महिने नाममात्र गाड्या चालवाव्या लागल्या.

तिसरे उदाहरण डेव्हन व कॉर्नवॉलमधील सदर्नच्या मार्गांचे. लंडनच्या वॉटर्लू स्थानकाहून निघणारी 'अटलांटिक कोस्ट एक्सप्रेस' इल्फ्राकूम, ब्यूड, पॅडस्टो अशा अनेक ठिकाणचे डबे घेऊन धावत असे व वाटेत त्यांची वाटणी होत असे. १ जानेवारी १९६३ रोजी सॉल्झबरीच्या पश्चिमेकडील सदर्नचे मार्ग वेस्टर्न विभागाकडे सोपविण्यात आले. म्हणजे जुन्या ग्रेट वेस्टर्नचा वारसा सांगणाऱ्या विभागाच्या हाती त्याच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याचे मार्ग आले. सप्टेंबर १९६४ मध्ये 'अटलांटिक कोस्ट एक्सप्रेस' शेवटची धावली. १९६७ मध्ये सॉल्झबरी-एक्सेटर मार्गाचे लांबलांब भाग दुहेरीचे एकेरी करण्यात आले. डार्टमूरच्या उत्तरेने प्लिमथला जाणाऱ्या मार्गावरील ओकहॅम्प्टन ते बेअर आल्स्टन हा दुवा मे १९६८ मध्ये तुटला.

या तिन्ही कथांतील क्रम सारखा आहे. आधी सीमा बदलते. मग महत्त्वाची वाहतूक विभागाच्या जुन्या मार्गावर वळविली जाते. नंतर उरलेल्या वाहतुकीची मोजणी होते. आणि शेवटी ती अपुरी आहे असे दाखवून मार्ग बंद होतो. प्रत्येक पायरीवरचा निर्णय वेगळा पाहिला तर समर्थनीय वाटतो. चारही पायऱ्या एकत्र पाहिल्या म्हणजे शेवटचा निर्णय पहिल्याच पायरीवर बराचसा ठरून गेला होता, हे लक्षात येते.

अर्थात सारा दोष सीमांवर टाकणे न्यायाचे होणार नाही. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे २० लाख खाजगी मोटारगाड्या होत्या. १९६० मध्ये त्यांची संख्या ५० लाखांच्या जवळ गेली. १९५५ च्या रेल्वे संपात पुष्कळ मालवाहतूक रस्त्याकडे गेली व ती परतली नाही. विरळ वस्तीतून जाणारे अनेक शाखामार्ग कोणत्याही विभागात असते तरी तोट्यातच चालले असते. १९६३ पूर्वीच सुमारे ३ हजार मैल मार्ग बंद झाले होते, ही गोष्टही ध्यानात ठेवली पाहिजे.

बीचिंग अहवाल आणि मोजणीची रीत

१९६२ मध्ये रेल्वेची चालू खर्चातील तूट १० कोटी ४० लाख पौंडांच्या घरात गेली होती. वाहतूक मंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांनी रसायन उद्योगातील अनुभवी व्यवस्थापक डॉ. रिचर्ड बीचिंग यांच्यावर रेल्वेची धुरा सोपविली होती. २७ मार्च १९६३ रोजी बीचिंग यांचा पुनर्रचना अहवाल प्रसिद्ध झाला. २,३६३ स्थानके आणि सुमारे ५ हजार मैल मार्ग प्रवाशांसाठी बंद करावेत, अशी त्यात शिफारस होती. एकूण मार्गांपैकी एक-तृतीयांश मार्गांवर अवघी एक टक्का प्रवासी वाहतूक होते, हे त्यातील निरीक्षण कोणालाही विचार करावयास लावणारे होते.

अहवालामागे परिश्रम होते व त्यातील पुष्कळ सूचना दूरदृष्टीच्या होत्या. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या आणि पेट्यांतून होणारी मालवाहतूक यांवर त्याने दिलेला भर काळाच्या कसोटीस उतरला. परंतु मोजणीच्या रीतीत काही उणिवा होत्या. वाहतुकीची पाहणी २३ एप्रिल १९६१ रोजी संपलेल्या एकाच आठवड्यात झाली. तो काळ उन्हाळी सुट्ट्यांच्या बराच आधीचा असल्याने, वर्षाची कमाई प्रामुख्याने उन्हाळ्यात करणाऱ्या किनाऱ्यावरील मार्गांचे खरे स्वरूप तीत दिसणे कठीण होते. दुसरी अडचण अशी की, शाखामार्ग बंद झाल्यावर प्रवासी मोटारीने किंवा बसने जंक्शनपर्यंत येतील आणि पुढे आगगाडीने जातील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात एकदा मोटारीत बसलेला प्रवासी बहुधा इच्छित स्थळापर्यंत मोटारीनेच गेला. फांद्या छाटल्या आणि खोडाचाही रस कमी झाला. मोठ्या प्रमाणावर मार्ग बंद करूनही तूट काही नाहीशी झाली नाही.

हरकतींची मर्यादा

मार्ग बंद करण्यापूर्वी जनतेचे म्हणणे ऐकण्याची तरतूद १९६२ च्या वाहतूक कायद्यात होती. वृत्तपत्रांतून सूचना प्रसिद्ध करून हरकतींसाठी किमान सहा आठवड्यांची मुदत द्यावी लागे. हरकती आल्यास प्रवासी-सल्लागार समिती सुनावणी करी व मंत्र्यांकडे अहवाल पाठवी. अंतिम निर्णय मंत्र्यांचा असे. मात्र प्रवाशांना किती हालअपेष्टा सोसाव्या लागतील, एवढ्याच मुद्द्यापुरते समितीचे अधिकार मर्यादित होते. रेल्वेने मांडलेले उत्पन्न-खर्चाचे आकडे बरोबर आहेत काय, खर्च कमी करण्याचे अन्य उपाय योजले काय, हे प्रश्न सुनावणीच्या कक्षेबाहेरचे होते. परिणामी गावकरी आपल्या अडचणी कळकळीने सांगत आणि निर्णय मात्र ज्या आकड्यांवर चर्चाच झाली नाही त्यांच्या आधारे होई.

एडिंबरो ते कार्लाइल या ९८ मैलांच्या वेव्हर्ली मार्गाच्या बाबतीत हेच घडले. गॅलाशील्स व हॉइक या लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या गावांना हा मार्ग जोडत असे. हजारो सह्यांचे निवेदन लंडनला सादर झाले, तरीही बंदीचा निर्णय कायम राहिला. ५ जानेवारी १९६९ च्या रात्री शेवटची गाडी न्यूकॅसलटन गावाशी आली तेव्हा ग्रामस्थांनी रेल्वेफाटक बंद करून ती अडविली. गावच्या धर्मगुरूंना पोलिसांनी ताब्यात घेतले. गाडीतून प्रवास करीत असलेले त्या भागाचे संसदसदस्य डेव्हिड स्टील यांनी मध्यस्थी केल्यावर गाडी पुढे गेली.

धोरणात बदल होण्यास तोपर्यंत प्रारंभ झाला होता. मंत्री बार्बरा कॅसल यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या १९६८ च्या वाहतूक कायद्याने, तोट्यात असलेल्या परंतु समाजाला आवश्यक असलेल्या सेवांना शासकीय अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले. त्यामुळे प्रश्नाचे स्वरूपच पालटले. 'हा मार्ग नफ्यात आहे काय?' याऐवजी 'हा मार्ग समाजाला हवा असेल तर त्याची किंमत कोणी व किती द्यावी?' असा विचार होऊ लागला. कित्येक मार्गांना हे तत्त्व उशिरा लाभले.

पुढील काळातील सेटल-कार्लाइल मार्गाचा लढा या दृष्टीने उल्लेखनीय आहे. १९८२ मध्ये त्याच्या लांब पल्ल्याच्या गाड्या दुसरीकडे वळविण्यात आल्या आणि नंतर बंदीचा प्रस्ताव आला. रिबलहेडच्या विशाल पुलाच्या दुरुस्तीचा खर्च परवडणार नाही, हे त्यासाठीचे प्रमुख कारण होते. या वेळी २२ हजारांहून अधिक हरकती दाखल झाल्या. १९८६ मध्ये आठ लहान स्थानके पुन्हा उघडण्यात आली व प्रवासी वाढले. पुलाची प्रायोगिक दुरुस्ती केल्यावर खर्च अंदाजापेक्षा बराच कमी येईल असे दिसून आले. एप्रिल १९८९ मध्ये शासनाने बंदीचा प्रस्ताव फेटाळला. आकडे तपासले गेले म्हणून मार्ग वाचला.

बंदीनंतरचा हिशेब

बंद केलेल्या मार्गांची खरी किंमत पुढे कित्येक वर्षांनी कळून आली. फेब्रुवारी २०१४ मध्ये वादळी लाटांनी डॉलिश येथील समुद्राची भिंत फोडली व रूळ अधांतरी लटकले. ४ एप्रिलला मार्ग पुन्हा सुरू होईपर्यंत प्लिमथ आणि संपूर्ण कॉर्नवॉल यांचा उर्वरित देशाशी रेल्वेसंबंध तुटला होता. १९६८ पूर्वी अशा प्रसंगी गाड्या ओकहॅम्प्टनमार्गे नेता येत असत. 'जादा' मानलेला तो मार्ग संकटकाळचा एकमेव पर्याय होता, हे साऱ्या देशाने त्या दोन महिन्यांत पाहिले.

ओकहॅम्प्टनच्या प्रवासी गाड्या १९७२ मध्ये बंद झाल्या होत्या. परंतु जवळच्या मेल्डन येथील खडीच्या खाणीसाठी रूळ जागेवर राहिले. त्यामुळे नोव्हेंबर २०२१ मध्ये एक्सेटर-ओकहॅम्प्टन नियमित सेवा तुलनेने थोड्या खर्चात व अल्पावधीत सुरू करता आली. तेथून पुढचा बेअर आल्स्टनपर्यंतचा तुटलेला दुवा मात्र अद्याप जोडला गेलेला नाही.

वेव्हर्ली मार्गावर याउलट स्थिती होती. रूळ उखडले गेले होते, काही ठिकाणी जागेवर बांधकामे झाली होती, एडिंबरोचा वळणरस्ताही मार्गाला आडवा आला होता. एडिंबरोपासून ट्वीडबँकपर्यंतचा सुमारे ३० मैलांचा भाग नव्याने बांधण्यास जवळजवळ ३० कोटी पौंड लागले. ६ सप्टेंबर २०१५ रोजी तो खुला झाला आणि पहिल्याच वर्षात तेथे दहा लाखांहून अधिक प्रवास झाले. हॉइकला मात्र आगगाडी अजून पोहोचलेली नाही. बर्मिंगहॅमचे स्नो हिल स्थानकही याच मालिकेतले. १९६३ मध्ये ते वेस्टर्न विभागाकडून लंडन मिडलँडकडे गेले, १९६७ मध्ये त्याच्या मुख्य गाड्या जवळच्या न्यू स्ट्रीटकडे वळल्या, १९७२ मध्ये ते बंद झाले आणि १९८७ मध्ये त्याच जागी नवे स्थानक उभारावे लागले.

विभागांची ती रचनाही टिकली नाही. १९८२ पासून प्रदेशाऐवजी वाहतुकीच्या प्रकारानुसार कारभाराची वाटणी होऊ लागली आणि १९९२ मध्ये जुने विभाग विसर्जित झाले. ज्या सीमांमुळे कित्येक मार्ग पोरके झाले, त्या सीमाही पुढे कायम राहिल्या नाहीत.

बोध

या अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट होतात. कार्यक्षेत्राची सीमा बदलताना, नव्या कार्यालयाकडे येणाऱ्या सेवेचे हित पाहणारा कोणी अधिकारी तेथे असेल काय, याचा विचार त्याच वेळी करावयास हवा. एखाद्या सेवेचा उपयोग कमी झाल्याचे आकडे समोर आले, की तो आपोआप कमी झाला की आधीच्या निर्णयांनी कमी केला गेला, हे पाहावे. मोजणीचा काळ वर्षाच्या सर्व ऋतूंचे प्रतिनिधित्व करणारा असावा. लोकांना केवळ अडचणी सांगण्याची मुभा न देता, ज्या आकड्यांवर निर्णय होणार ते तपासण्याची संधीही द्यावी. आणि सेवा थांबविणे अपरिहार्यच ठरले, तर निदान जागा मोडीत काढू नये. ओकहॅम्प्टन व हॉइक या दोन गावांच्या आजच्या स्थितीतील फरक बव्हंशी या शेवटच्या एका गोष्टीमुळे पडला आहे.